सातवी टाइल

१२ फेब्रुवारी, गुरुवार

ही वही डॉक्टरीणबाईंनी ठेवायला सांगितली. रोज तीन गोष्टी लिहायच्या : सकाळी अंग किती वेळ आखडलेलं असतं, कळ दहापैकी किती, आणि उजवा हात भिंतीवर कुठवर पोचतो. बाकी काही लिहू नका, असं त्या म्हणाल्या नाहीत, म्हणून लिहितो. पस्तीस वर्षं दुसऱ्यांचं ऐकत आलोय. खुर्चीत बसलं की गिऱ्हाईक बोलत सुटतं आणि कात्री चालवणाऱ्याने नुसतं हूं हूं करायचं असतं. आता माझी पाळी.

आजाराचं नाव ऱ्हुमॅटॉइड संधिवात. मी म्हटलं, बाई, वात म्हाताऱ्यांना होतो, मी तर बावन्नचा. त्या म्हणाल्या, हा तो वात नव्हे. यात शरीराचे राखणदारच घरच्या माणसांवर लाठ्या चालवतात. आमच्या घरात गेली सहा वर्षं हेच चाललंय, पण ते मी त्यांना सांगितलं नाही.

त्या बोटं दाबून बघत होत्या, मनगटं बघत होत्या. मी म्हटलं, खांदा बघा.

"खांद्याकडे सहसा पेशंटचंही लक्ष जात नाही," त्या म्हणाल्या. "तुमचं कसं गेलं?"

"बाई, मी केस कापतो. खांदा गेला तर मला नुसत्या दाढ्या उरतील. त्याही बुटक्या माणसांच्या."

सुरुवातच आहे, वेळेवर आलात, औषध नेमानं घेतलंत तर हात वाचतील, असं म्हणाल्या. मोठी गोळी आठवड्यातून एकदाच, रविवारी. गुण यायला दोन-तीन महिने लागतात. म्हणजे हात दाखवून अवलक्षण झालं खरं, पण अगदीच वाया गेलं नाही.

घरी येऊन हिला शपथ घातली की दादाला यातलं अक्षर कळता कामा नये. ही म्हणाली, "मी कशाला सांगू?" हिच्या पोटात गोष्ट राहते, याची मला खात्री आहे.

दादाला का नाही सांगायचं, तेही लिहून ठेवतो. आमच्या दुकानात दोन खुर्च्या आहेत. खिडकीजवळची माझी, आतली दादाची. खिडकीजवळची आधी बाबांची होती. बाबांचे हात चालेनासे झाले तेव्हा एके दिवशी ते गिऱ्हाइकांच्या बाकावर वर्तमानपत्र घेऊन बसलेले दिसले. पुन्हा खुर्चीमागे उभे राहिले नाहीत. दुकान तेव्हा दादा बघायचा. त्यानंच बसवलं असणार. मला त्या बाकावर बसायचं नाही.

सकाळ : दीड तास. कळ : सहा.

१६ फेब्रुवारी, सोमवार

दुकानाची सुट्टी. फिजिओथेरपीला गेलो. मुलगी पंचविशीतली, हुकूम हवालदाराचा.

"बोटं भिंतीवर चालवत वर न्या, काका."

नेली. हात चांगला वर गेला. मी तिच्याकडे बघून हसलो.

"आता टाचा खाली टेका."

टेकल्या. हात खाली आला.

"कंबर सरळ." आणखी खाली. "मान तिरकी नको." आणखी खाली. शेवटी हात जिथे उरला ती उंची आमच्या हिच्या डोक्याएवढी होती.

मग म्हणाली, हात डोक्यामागे न्या, जसे केस विंचरतो तसे. रोज वीस माणसांचे केस विंचरणारा मी, मला स्वतःच्या डोक्याला कंगवा लावता येईना. एप्रनची नाडी पाठीमागे बांधायला लावली. ती तर महिन्याभरापासून हीच बांधते, आणि मी घरापासून दुकानापर्यंत एप्रन घालून चालत जातो. लोकांना वाटतं, केवढा कामाचा उत्साह!

"तुमचा खांदा फार थोडं काम करतोय," ती म्हणाली. "त्याच्या वाटचं काम टाचा, कंबर, मान असे सगळे गुपचूप करताहेत. म्हणून तुम्हाला पत्ता लागत नाही."

हे मला पटलं नाही. आपल्याच घरात कोण आपलं काम गुपचूप करतंय, हे आपल्याला कळणार नाही का?

रोजचा व्यायाम दिला. दुकानाच्या भिंतीला पांढऱ्या टाइल आहेत, त्यावर मोजायचं ठरवलं. जमिनीपासून नाही, आरशाच्या फळीपासून वर. डावा हात अकराव्या टाइलपर्यंत जातो. उजवा सातव्या.

२१ फेब्रुवारी, शनिवार

दादा रोज अकरा वाजता चहाला बाहेर जातो, तेव्हा टाइल मोजून घेतो. आज गिऱ्हाईक म्हणून पोस्टमन बसला होता. विचारायला लागला, भिंतीवर काय शोधताय? म्हटलं, ओल आलीय का बघतोय. तोही उठून बघायला लागला. म्हणाला, आहे खरी.

एक गोष्ट बरी झाली. शटर उचलायची पाळी एक दिवस दादाची, एक दिवस माझी असते. सकाळी माझा हात म्हणजे नुसतं लाकूड, त्यामुळे माझ्या पाळीची मला धास्ती वाटायची. पण आठवडाभर बघतोय, मी पोचतो तेव्हा शटर उघडलेलं असतं. दादाला झोप येत नसावी. साठीकडे आला की माणसाचं असं होतं.

सकाळ : एक तास वीस मिनिटं. कळ : सहा. टाइल : सात.

२६ फेब्रुवारी, गुरुवार

आज डोकं फिरलंय. दादा माझी गिऱ्हाइकं पळवतोय!

आमच्याकडे एक उंच मनुष्य येतो, त्याला आम्ही खांब म्हणतो. बारा वर्षं माझ्या खुर्चीत बसतोय. आज आला, मी कापड झटकलं, तेवढ्यात दादा आपल्या खुर्चीवर थाप मारून म्हणाला, "इकडे या, साहेब, मोकळीच आहे." खांब गेला! आणि माझ्याकडे कोण आलं? कल्लेदार दाढीवाला पेन्शनर, ज्याच्या डोक्यावर मोजून चाळीस केस आहेत.

नीट आठवून पाहिलं तर दोन आठवडे हेच चाललंय. उंच, दाट केसांचे, मानेत ताठ बसणारे सगळे त्याच्याकडे. टकले, दाढीवाले आणि खुर्चीत घसरून बसणारे माझ्याकडे. हा माणूस एका शब्दानं माझ्याशी बोलत नाही, पण गिऱ्हाईक पळवताना कसा कंठ फुटतो!

न बोलण्याचं कारणही लिहून ठेवतो, पुढेमागे डॉक्टरीणबाई विचारतील. सहा वर्षांपूर्वी मी विजेचं केस कापायचं मशीन आणलं. दादा कात्री-कंगव्याचा भक्त. म्हणाला, "मशीननं मेंढरं भादरतात." मी म्हटलं, "मग तुझ्या डोक्याला चालेल." तेव्हापासून अबोला. काम असलं तर गिऱ्हाइकामार्फत बोलतो : "यांना सांगा, पावडर संपली." दादा विधुर, राहायला दुकानाच्या वर, जेवायला आमच्याकडे. तिथे निरोप पोचवण्याचं काम हिच्याकडे. "भावोजी, हे म्हणतात मीठ द्या." मीठ दोघांच्या मधोमध असतं.

सकाळ : दीड तास. कळ : सात. त्यातले दोन दादामुळे.

२ मार्च, सोमवार

महिन्याचा पहिला सोमवार, म्हणजे आमच्या केसांचा दिवस.

केस कापणाऱ्याला स्वतःचे केस कापता येत नाहीत, आणि दुसऱ्याच्या सलूनमध्ये जाऊन बसलो तर उद्या आपल्याकडे कोण येणार? म्हणून अर्धं शटर खाली ओढून आधी दादा माझे कापतो, मग मी त्याचे. बाबांच्या वेळेपासूनची रीत आहे. अबोल्यातही ती चुकली नाही. सहा वर्षं दर महिन्याला आम्ही एकमेकांच्या मानेवर वस्तरा ठेवलाय, न बोलता. तरी दोघेही जिवंत आहोत, हे घराण्याचे संस्कार म्हणायचे.

दादा सहा फूट उंच. खुर्ची अगदी खालपर्यंत उतरवली तरी त्याचा माथा माझ्या हनुवटीला लागतो. कात्री कानापर्यंत नेली तेव्हाच खांद्यात कळ आली. वरचे केस मी खालून अंदाजानं कापले. दोनदा कंगवा पडला. दादा आरशात बघत होता, मी आरशात बघितलं नाही.

पण काम ठीक झालं. मागची रेघ जरा डावीकडे चढल्यासारखी वाटली, पण दादाचं डोकंच मुळात तिरकं आहे. लहानपणी तो झाडावरून पडला होता. रिवाजाप्रमाणे मागे हातआरसा धरून दाखवला. बराच वेळ बघत होता. मग मान डोलावली. आवडलं असावं.

५ मार्च, गुरुवार

आनंदाची बातमी! टॉवेल सहज हाती आला.

टॉवेलची फळी उंच आहे. गेला महिनाभर मी टॉवेल लागला की डाव्या हातानं ओढून काढायचो, निम्मे अंगावर पडायचे. आज उजवा हात गेला आणि टॉवेल हातात! कापड अडकवायचा हुकही तसाच, विनासायास. गोळी लागू पडली तर! तीन रविवारांत! डॉक्टरीणबाई दोन-तीन महिने म्हणाल्या होत्या, पण आमचं रक्तच मुळात चांगलं.

लगोलग टाइल मोजली. सातवी.

पुन्हा मोजली. सातवी. टाइल खोटं बोलत असावी. भिंतीला ओल आलीय हे पोस्टमनही म्हणाला होता, ओलीनं टाइल वर सरकल्या असतील.

आणखी एक. फळीखाली विटेची लाल भुकटी सांडलेली दिसली. दुकानात उंदीर झालेत. औषध आणायला हवं.

१० मार्च, मंगळवार

दादाचे केस जरा वाढले, तसं त्याचं डोकं आणखीच विचित्र दिसायला लागलंय. मागून पाहिलं तर डावी बाजू एका मजल्यावर, उजवी दुसऱ्या. मधे एक जिना. आज हेडमास्तर दाढीला आले होते. त्यांनी उभ्या उभ्या विचारलं, "काय हो, मागे उंदरांनी कुरतडलं की काय?"

सगळं दुकान हसलं. दादा शांतपणे म्हणाला, "नाही हो. आरशात बघून माझे मीच कापले. म्हटलं, जमतं का बघू."

मी वस्तरा खाली ठेवला. इतकी वर्षं मी या माणसाचे केस कापतोय आणि चारचौघांत माझं नाव घ्यायचीसुद्धा त्याला लाज वाटते! एवढा दुरावा! माझ्या हातचं काम स्वतःच्या नावावर खपवतो! चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या याच.

घरी येऊन हिला सांगितलं. हिने भांडी घासता घासता माझ्याकडे नुसतं पाहिलं. "तुम्हाला खरंच काही कळत नाही का?" म्हणाली. मी म्हटलं, कळतं म्हणूनच तर चिडलोय.

सकाळ : सव्वा तास. कळ : सहा. टाइल : सात. टाइलवर आता माझा विश्वास नाही.

१५ मार्च, रविवार

गोळीचा दिवस. मळमळ. लवकर झोपलो.

२८ मार्च, शनिवार

निर्णय घेतला. वेगळं व्हायचं. त्याची खुर्ची त्याला, माझी मला, मधे भिंत. पत्र लिहिलं, चांगलं दीड पान. "आपण चालवलेली गिऱ्हाइकांची पळवापळवी" असे शब्द घातले. लिहिताना बोटं दुखली, पण राग असला की माणूस लिहितो.

पत्र हिच्याकडे दिलं, म्हटलं, जेवताना दादाला दे. हिने वाचलं, घडी घातली आणि डाळीच्या डब्याखाली ठेवलं.

"सहा तारखेला केस कापून होऊ द्या, मग देते."

"का?"

"वेगळे झाल्यावर तुमचे केस कोण कापणार? आणि त्यांचे?"

हा मुद्दा माझ्या ध्यानात आला नव्हता.

पण खरं सांगायचं तर मला सहा तारखेचीच भीती वाटतेय. टॉवेल निघतो, हुक सापडतो, पण दादाचा माथा काही खाली येत नाही. त्या दिवशी हात गेला नाही तर त्याला कळेल. कळलं की तो काही बोलणार नाही. नुसतं वर्तमानपत्र आणून बाकावर ठेवेल.

६ एप्रिल, सोमवार

आज सविस्तर लिहितो. हात दुखला तरी चालेल.

सकाळी हिच्यामार्फत निरोप पाठवला की मला ताप आहे. उलट निरोप आला : "ताप डोक्यात असेल, हातात नाही. ये म्हणावं." गेलो. अर्धं शटर खाली. दादानं माझे केस कापले, नेहमीसारखे, एक केस इकडचा तिकडे नाही. मग त्याची पाळी.

तो खुर्चीत बसला नाही. आत गेला आणि बुटकं स्टूल घेऊन आला. ज्यावर बसून बाबा वस्तऱ्यांना धार लावायचे, ते. खुर्चीसमोर जमिनीवर ठेवलं आणि त्यावर बसला. सहा फुटांचा माणूस, गुडघे कानाशी आलेले, आणि चेहरा असा की जणू गेली चाळीस वर्षं तो असाच बसत आलाय.

मी कापड घ्यायला हुकाकडे वळलो. हुकाच्या वर हातभर अंतरावर दोन भोकं दिसली, साबणानं बुजवलेली. टॉवेलच्या फळीकडे पाहिलं. तिच्याही वर तशीच चार. उंदीर सारख्या अंतरावर भोकं पाडून वर साबण भरत नाहीत, एवढी अक्कल मला आहे.

मग मी खाली बघितलं. दादाचं डोकं पहिल्यांदाच मला वरून दिसत होतं. माथ्यावर नाण्याएवढं टक्कल. आणि मागे तो जिना. डोकं तिरकं नव्हतंच. डोकं चांगलं सरळ होतं. महिनाभर हा माणूस माझ्या खांद्याची खूण डोक्यावर घेऊन बाजारात हिंडला होता.

"दादा," मी म्हटलं, "उंदीर तूच का?"

सहा वर्षांतलं माझं पहिलं वाक्य हे. याहून बरं सुचायला हवं होतं.

"लवकर कळलं," दादा म्हणाला.

"हिने सांगितलं?"

"तिला शपथ आहे, ती कशी सांगेल? ती फक्त रोज माझ्यासमोर भिंतीला सांगायची. त्याआधीच मला माहीत होतं. जानेवारीत तू त्या बुटक्या हेडमास्तरांचे कल्ले टाचा वर करून कापलेस."

"मग बोलला का नाहीस?"

"तू बोलत नव्हतास."

"मी? तू बोलत नव्हतास!"

"मेंढरू कोण म्हणालं?"

"आधी तू म्हणालास!"

"मी मशीनला म्हणालो. तू मला म्हणालास."

हे खरं होतं. मग जे पोटात होतं ते बाहेर पडलं. म्हटलं, "मला बाकावर बसवू नकोस."

दादा आरशात माझ्याकडे बघत राहिला. त्या बुटक्या स्टुलावरून त्याचे नुसते डोळेच आरशात दिसत होते.

"बाबांना मी बसवलं नाही रे," तो म्हणाला. "त्यांनी कधी सांगितलंच नाही. वर्षभर लपवलं. मला कळलं तोवर बोटं वाकडी झाली होती, मग डॉक्टर तरी काय करणार? स्वतःच जाऊन बसले. मी नुसतं वर्तमानपत्र आणून द्यायचो. ते वाचतही नव्हते." मग म्हणाला, "तू डॉक्टरकडे गेलास हे कळलं त्या दिवशी मी वर जाऊन रडलो. बरं वाटलं म्हणून."

मला रडू आलं. खोटं कशाला लिहू? पस्तीस वर्षं या दुकानात साबण डोळ्यांत गेला म्हणून सांगत आलोय, आज साबणही नव्हता.

"रडून झालं असेल तर मशीन लाव," दादा म्हणाला. "या हातानं कात्री चालवलीस तर माझा कान जाईल."

"तुला मशीन चालत नाही."

"मेंढराचं डोकं आहे ना? चालेल."

मशीन लावलं. घरघर सुरू झाली तसा दादानं डोळे मिटून घेतले, इंजेक्शन घेताना माणूस मिटतो तसे. उजवी बाजू झाली. मागची झाली. डावीकडे कानाच्या वर गेलो आणि खांदा संपला. हात हवेतच अडला.

दादानं डोळे उघडले नाहीत. कापडाखालून हात बाहेर काढला, कानाशेजारी तळवा वर करून धरला. मी त्यावर कोपर टेकवलं. राहिलेलं डोकं असं झालं : हात माझा, भार त्याच्यावर. जिना गेला. मी हातआरसा धरला. त्यानं बराच वेळ पाहिलं.

"कात्रीएवढं नाही," म्हणाला.

घरी येऊन डाळीचा डबा उचलला, पण पत्र नव्हतं. ही म्हणाली, दिलंत त्याच रात्री चुलीत गेलं.

१८ एप्रिल, शनिवार

दादा बोलायला लागलाय. हे वाटतं तितकं सुखाचं नाही. सहा वर्षांचं साठलेलं आहे आणि तो क्रमवार काढतोय. आज तिसऱ्या वर्षातल्या पंख्याच्या बटणाबद्दल तासभर ऐकवलं. शिवाय दर गिऱ्हाइकासमोर मोठ्यांदा विचारतो, "काय रे, खांदा कसा आहे? गोळी घेतलीस?" म्हणजे आता सगळ्यांना माहीत झालं. मी मेल्याहून मेल्यासारखा झालो. आणि झालं काय, तर खांब आला, दादाच्या खुर्चीवरून पुढे गेला, आतून बुटकं स्टूल स्वतः आणलं आणि माझ्यासमोर बसला. "बारा वर्षांची सवय आहे हो," म्हणाला. त्याचे गुडघे दारापर्यंत आले होते. बाकावरच्या लोकांनी पाय आखडून घेतले, कोणी हसलं नाही. पोस्टमन हसला, पण तो कशालाही हसतो.

डॉक्टरीणबाईंकडे सोमवारी जायचंय. रक्त तपासून झालं, सूज उतरतेय असं फोनवर म्हणाल्या. वही घेऊन या, म्हणाल्या. ही वही कशी दाखवायची हा प्रश्नच आहे. आकडे दुसऱ्या वहीत उतरवून घेतो.

सकाळ : पस्तीस मिनिटं. कळ : चार. टाइल : आठ, टाचा टेकून, कंबर सरळ, मान सरळ.

दादाच्या तळहातावर कोपर ठेवलं तर अकरा. ती धरायची की नाही, हे त्या पोरीला विचारायला हवं.